बाद कागदांचं पुस्तक

"आकड्यावर आकडा बसला की झालं, मास्तर. मधी काय लिवलंय ते तुमचं तुमी बघा."

असं म्हणून ती छापलेला ताव उजेडाला धरायची. पुढच्या पानाचा आकडा मागच्या पानाच्या आकड्यावर बसतोय की नाही ते बघायची, ताव फळीवर ठेवायची, घडी घालायची आणि हाडाची पट्टी खालपासून वरपर्यंत एकदा फिरवायची. एकदाच. दुसऱ्यांदा पट्टी फिरवताना मी तिला कधी बघितलं नाही. तीन घड्या पडल्या की सोळा पानांचा फर्मा तयार, की लगेच पुढचा ताव. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा.

तुम्ही शाळेत जी पुस्तकं वाचलीत त्यांच्यावर लेखकाचं नाव तुम्हाला दिसलं असेल, फार तर छापखान्याचं. घडी घालणारीचं नाव कुठं छापत नाहीत. मीही ते इथं देत नाही, कारण तिला ते आवडलं नसतं. छापखान्यात सगळे तिला आक्का म्हणायचे. मालक वयानं तिच्याहून मोठे, तेही आक्काच म्हणायचे.

संस्थान विलीन झालं त्या साली मी गारगोटीहून कोल्हापूरला आलो आणि शाहूपुरीतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो. मॅट्रिकला दोनदा बसून पास झालेलो, पण ऐट अशी की मराठी भाषा आता माझ्याच भरवशावर आहे. पगार पंचेचाळीस रुपये. एकटा जीव, तरी वीस तारीख उजाडली की माझा खिसा रिकामा. चहा, सिनेमा, खासबागेतल्या कुस्त्या. वर दिवसभर कुरकुर, की या पगारात माणसानं जगायचं कसं.

आक्काला अठरा रुपये होते. घरी ती आणि तिची एक पोरगी. नवरा गुळाच्या बाजारात हमाल होता, तो छातीच्या दुखण्यानं गेलेला. कळंब्याला तळ्याच्या अलीकडं एका खोलीत राहायची आणि रोज चालत यायची, चालत जायची. पावसाळ्यात तर सगळ्यांच्या आधी अर्धा तास येऊन, मागं जिथं चिकटवायची खळ शिजवत तिथल्या चुलीपाशी उभी राहायची. मला वाटलं, थंडी वाजत असेल. एकदा विचारलं तर म्हणाली, "लुगडं वलं हाय न्हवं. कागदाला पानी लागलं तर फुगतोय." अंगावरचं लुगडं अंगावरच वाळवून, हात कोरडे करून मग ती कामाला बसायची. त्या अर्ध्या तासाचं तिला कुणी काही देत नव्हतं, आणि तिनं कधी मागितलंही नाही.

एकदा मी माझं रडगाणं तिच्यासमोर गायला लागलो. ऐकून घेतलं तिनं. मग मीच विचारलं, "आक्का, तुमचं कसं हो भागतं?"

"भागत न्हाय की," ती म्हणाली. "भागवाय लागतंय."

आणि पुढचा ताव उचलला. मी त्या दिवशी दुपारचा चहा प्यायला नाही. म्हणजे दुसऱ्या दिवशी प्यायलो, खोटं कशाला सांगू. पण तिच्यासमोर कुरकुर मात्र पुन्हा केली नाही.

मालक स्वभावानं वाईट नव्हते. फक्त त्यांचा सगळा उदारपणा तोंडात होता. गिऱ्हाईक आलं की ते आक्काकडं बोट दाखवायचे, "ही बघा आमची आक्का. एक अक्षर येत नाही, पण आजवर फर्मा उलटा घातलेला नाही. अशी बाई सबंध कोल्हापुरात मिळायची नाही." गिऱ्हाईक मान डोलवायचं. आक्काचा हात चालूच असायचा. पगारवाढीचा विषय निघाला की मात्र मालकांना कागदाचे भाव आठवायचे. दिवाळीला ते तिला उरलेलं कॅलेंडर द्यायचे. ती तेही डोक्याला लावून घ्यायची. "आकडं चांगलं मोठं हायत," म्हणायची.

तिला अक्षर येत नव्हतं हे खरं. आकडे मात्र शंभरापर्यंत पक्के. त्या जोरावर तिनं कितीतरी पुस्तकं आपल्या हातांतून घडवून जगात पाठवली होती. इतिहास, भूगोल, व्याकरण, पोथ्या, लग्नपत्रिका. तिच्यासाठी ते सगळे नुसते आकडे होते. कधी मी गमतीनं म्हणायचो, "आक्का, आज तुम्ही अख्खा अफझलखान गुंडाळून ठेवलात." ती हसायची. "मेला न्हवं त्यो? मग गुंडाळाय काय हुतंय."

तिची एक सवय होती. कुठलाही लिहिलेला कागद हाती आला, रेशनच्या दुकानाची चिठ्ठी म्हणा, शाळेचा निरोप म्हणा, की ती तो दोघांकडून वाचून घ्यायची. एकदा घरी पोरीकडून आणि एकदा छापखान्यात माझ्याकडून. दोघांचं जुळलं की मग तो कागद खरा. मी एकदा जरा फुगून म्हणालो, "माझ्यावर भरवसा नाही व्हय?" तर म्हणाली, "हाय की. तुमच्यावर हाय, पोरीवर हाय. पन मला वाचाय येत न्हाय, मला दोन माणसं लागत्यात." मला ते इतकं पटलं की पुढं मी तिचा कागद मालकांच्या मुद्रितांपेक्षा जपून वाचायला लागलो.

आता बाद कागदांविषयी सांगायला हवं. छपाई सुरू करताना पहिले पाचपन्नास ताव वाया जातात. कुठं शाई फिकी, कुठं जास्त, कुठं अर्धा मजकूर उमटलेलाच नाही, कुठं ताव तिरका गेलेला. या बाद कागदांचा ढीग कोपऱ्यात पडायचा आणि शनिवारी संध्याकाळी ज्यानं त्यानं हवा तेवढा घरी न्यायचा, असा आमच्याकडं रिवाज होता. कुणी चूल पेटवायला नेई, कुणी फळीवर अंथरायला. आक्का नेई पुड्या करायला. रविवारभर ती आणि पोरगी पुड्या चिकटवत. कळंब्याचा एक दुकानदार त्या घेई आणि बदल्यात तेल आणि चहाची पूड देई. अठरा रुपयांत ज्याला जागा नव्हती ते सगळं त्या पुड्यांवर चालायचं.

पण पुड्यांना लागण्याआधी प्रत्येक ताव पोरीच्या हाताखालून जायचा, हे मला उशिरा कळलं.

पोरगी सातवीत होती. एका सोमवारी तिला शाळेला सुट्टी होती, म्हणून आईबरोबर छापखान्यात आली आणि भिंतीला टेकून एक पुस्तक वाचत बसली. पुस्तक कसलं, वीटच. मी हातात घेतलं. सातवीचं अंकगणित, आमच्याच छापखान्यातलं. पण त्यातलं एक पान दुसऱ्यासारखं नव्हतं. सोळा पानं फिकी, पुढची सोळा काळीकुट्ट, मधला एक फर्मा पार तिरका, की वाचायला मान वाकडी करावी. एका फर्म्याची एकच बाजू छापलेली, तर दुसऱ्या बाजूवर पोरीनं वर्गातल्या मैत्रिणीचं पुस्तक आणून पेन्सिलीनं सगळी उदाहरणं उतरून घेतली होती, पानांच्या आकड्यांसकट. वर्षभर बाद कागदांतून एकेक फर्मा वेचून आक्कानं ते पुस्तक जुळवलं होतं आणि जाड दोऱ्यानं शिवलं होतं. एक आकडा इकडचा तिकडं नाही.

नवं पुस्तक दीड रुपयाला मिळायचं. दीड रुपया नसलेल्या बाईनं ते असं मिळवलं होतं. मी आजपर्यंत देवळं पाहिली, किल्ले पाहिले. इतकं नीट जुळवलेलं कुठं पाहिलं नाही.

"चांगलं झालंय न्हवं?" आक्कानं विचारलं. तिला कामाबद्दल विचारायचं होतं. शिवणीबद्दल.

"फार चांगलं झालंय," मी म्हणालो.

सातवीनंतर पोरीचं काय, हा प्रश्न होता. हायस्कूलची फी भरायची ऐपत नव्हती. मालकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "जूनपासून पोरीला घेऊन ये. तुझ्या शेजारी बसेल. सहा रुपये देऊ." एकच वाट मोकळी होती. गावातल्या एका शिक्षणसंस्थेची शिष्यवृत्ती परीक्षा होती. तिच्यात वर आलेल्या मुलांची चार वर्षांची फी आणि पुस्तकं संस्था द्यायची. पोरगी गणितात अशी हुशार की वर येणार यात कुणाला शंका नव्हती. आक्कानं मला एवढंच सांगितलं होतं, "मास्तर, ती माझ्या शेजारी बसाय नको. बस्स." तिच्या तोंडून मी ऐकलेली ही एकच इच्छा.

आणि त्या परीक्षेचे पेपर छापायचं काम आमच्याकडंच होतं.

ते काम मागच्या खोलीत दार लावून चालायचं. तात्या म्हणून म्हातारे कंपॉझिटर होते, ते अक्षरांचे खिळे जुळवायचे, मी मुद्रित तपासायचं आणि छपाई झाली की त्यातले बाद कागद मीच बंबात घालून जाळायचे. खोलीची चावी माझ्याकडं. त्या शनिवारी खासबागेत मोठी कुस्ती होती. मी घाईघाईनं गठ्ठा बंबात कोंबला, काडी लावली आणि खोलीला कुलूप न लावताच पळालो. एक ताव टेबलाखाली सरकला होता तो बघितला नाही. संध्याकाळी झाडलोट झाली, तो ताव बाहेरच्या ढिगात गेला आणि ढिगातून आक्काच्या गठ्ठ्यात.

सोमवारी मी आलो तेव्हा आक्का पायरीवर उभी होती. पदराखालून तिनं घडी घातलेला कागद काढला.

"मास्तर, ह्यो कागद ढिगातला न्हवं."

बघतो तर गणिताचा पेपर. वरची बाजू उमटलेलीच नव्हती, त्यामुळं मथळा गायब. पोरीला वाटलं, पुस्तकातलंच आणखी एक पान. तिनं रविवारी सकाळी हौसेनं पाटी घेतली आणि एकेक करत सगळी गणितं सोडवली. शेवटच्या ओळीच्या खाली बारीक अक्षरांत संस्थेचं नाव होतं. तिथं पोचल्यावर पोरगी रडायला लागली.

मी आधी इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकत नाही ना. पोरीसाठी नव्हे, माझ्यासाठी. "आक्का," मी म्हणालो, "कुणाला बोलू नका. आणा इकडं, जाळून टाकतो."

"कागद जळंल," आक्का म्हणाली. "पोरीच्या डोस्क्यातनं जाईल व्हय?"

आणि मला बाजूला सारून ती मालकांच्या खोलीत गेली. मी दाराशी उभा. मालकांनी कागद बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "कुठून आला हा?"

"बाद कागदातनं आला. पोरीनं बघितला, समदा. तुमी दुसरा काढा."

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मालक बराच वेळ तो ताव उलटासुलटा करत राहिले. शेवटी म्हणाले, "बरं. संस्थेला सांगून बदलून घेतो. पण आजपासून बाद कागद कुणीही घरी न्यायचा नाही."

म्हणजे पुड्या बंद. तेल बंद, चहा बंद. आक्का म्हणाली, "बरं," आणि आपल्या जागेवर येऊन बसली.

परीक्षा त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी होती. मी नव्या पेपरच्या मुद्रितांची वाट बघत राहिलो. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मागच्या खोलीची चावी कुणी मागितली नाही. तात्यांना विचारलं तर म्हणाले, "कसला नवा पेपर?" तेव्हा मला समजलं. मालकांनी संस्थेला सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर संस्थेचं सगळं काम हातचं गेलं असतं. मी जाब विचारायला हवा होता. पण जाब विचारायला गेलो असतो तर आधी मलाच जाब द्यावा लागला असता, की कागद बंबात का गेला नाही. मी गप्प बसलो. भ्याडपणाला त्या वेळी मी शहाणपण म्हणत होतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आक्का माझ्या टेबलापाशी आली. काम सोडून उठताना मी तिला क्वचितच बघितलं होतं.

"मास्तर, पेपर बदलला न्हवं?"

खरं सांगितलं तर ती पोरीला घरी ठेवणार आणि जूनमध्ये पोरगी घड्या घालायच्या चटईवर तिच्या शेजारी येऊन बसणार. खोटं सांगितलं तर पोरगी हायस्कुलात. एवढा सोपा हिशोब आयुष्यात दुसरा नव्हता.

"बदलला की," मी म्हणालो. "मीच तर मुद्रित वाचलं. आधीच्यापेक्षा अवघड काढलाय."

तिचे खांदे एकदम सैल झाले. "मग पाठवतो पोरीला," ती म्हणाली. आमच्याकडं बायकाही पाठवतो, येतो, जातो असंच बोलतात. पण त्या दिवशी तिचा तो "पाठवतो" मला एखाद्या बापासारखा वाटला. आणि खरं सांगू, मला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट मी कुणाचं तरी कल्याण केलं या आनंदात रविवारी सिनेमा बघितला.

सोमवारी ती कामावर होती. मी हसत हसत तिच्यापाशी गेलो. "काय आक्का, कसा गेला पेपर?"

"कोरा दिला."

"कोरा? का?"

"त्योच हुता."

तिचा हात थांबला नाही. घडी, पट्टी, घडी, पट्टी. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. तिनंच सांगितलं. ती शाळेच्या फाटकाबाहेर उभी होती. घंटा झाली आणि पाच मिनिटांत पोरगी बाहेर आली. आईनं विचारलं, "का गं?" पोरगी म्हणाली, "आई, त्योच कागद हाय." आई म्हणाली, "मास्तर तर म्हणालं बदलला." पोरगी म्हणाली, "मी वाचला की." मग दोघी कळंब्याला चालत गेल्या.

"तिनं लिहायला पाहिजे होतं," मी म्हणालो. "कुणाला कळणार होतं?"

आक्कानं पट्टी खाली ठेवली. पहिल्यांदाच.

"मास्तर, तुमी आमच्या भल्यासाठी बोललासा. कळतंय मला. मला राग आला, न्हाय असं न्हाय. पन त्यो गेला चालताना. मला वाचाय येत न्हाय. कागदात काय हाय ते वाचणारी माणसं सांगत्यात, त्येच माझं खरं. आता तुमीच खोटं सांगाय लागलासा, तर मी कुनाकडं बघू?"

ती ओरडली नाही, रडली नाही. रेशनच्या दुकानात किती वाजता जायचं हे विचारावं तसं तिनं विचारलं.

"तो ताव मीच टाकला होता," मी शेवटी म्हणालो. "जाळायचं काम माझं होतं."

"म्हाईत हाय. चावी तुमच्याकडंच असती की."

"मग मालकांना का नाही सांगितलं?"

"त्येनी इचारलं, कागद कुठनं आला. म्या सांगितलं, ढिगातनं आला. कुनी टाकला असं कुठं इचारलं?"

मी त्याच पावली मालकांकडं गेलो आणि सगळं सांगून टाकलं. माझा आवाज चढला होता. मालकांनी शांतपणे ऐकलं. "परीक्षा झाली," ते म्हणाले. "आता तू बोललास तर तू जाशील, मी जाईन आणि आक्काही जाईल. जा, कामाला लाग." मी गेलो आणि कामाला लागलो. मोठा वीर मी.

जूनमध्ये मी रोज सकाळी चटईकडं बघायचो. आक्का एकटीच असायची. मी विचारलं, "पोरगी?"

"साळंत. हायस्कुलात घातली."

"आणि फी?"

"मी काय मेलोय व्हय?"

शाहूपुरीतल्या दोन घरांची धुणीभांडी तिनं धरली होती. कळंब्याहून तांबडं फुटायच्या आत निघायचं, दोन घरांचं काम उरकायचं आणि आठाला चटईवर हजर. भांड्यांच्या राखेनं हात काळे होऊ नयेत म्हणून ती लिंबाची साल घेऊन यायची आणि चोळून चोळून हात धुवायची, कागदाला डाग पडायला नको. चार वर्षं. मी मोजत नव्हतो असं नाही, रोज मोजत होतो. या चार वर्षांत तिला दोनदा ताप आला आणि दोन्ही वेळा ती तापातच आली. मालकांनी तिसऱ्या वर्षी दोन रुपये वाढवले आणि महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगितलं.

मी तिला मदत करू बघितली. एकदा नवं भूगोलाचं पुस्तक आणून दिलं. तिनं दोन्ही हातांनी घेतलं आणि पोरीला दिलं. पुढच्या आठवड्यात माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी आली. कुणाचं काही फुकट घ्यायचं नाही हा तिचा बाणा. माझ्याशी ती नेहमीसारखीच बोलायची, थट्टाही करायची. दुपारी भाकरी सोडली की "या मास्तर, खर्डा झणझणीत हाय" म्हणायची. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं की काहीच झालेलं नाही.

फक्त एक झालं होतं. हायस्कुलातून नादारीचा, म्हणजे फीसवलतीचा, अर्ज आला, तो तिनं तात्यांकडून वाचून घेतला. रेशनचा कागद आला, तात्यांकडं. पोरीच्या शाळेची प्रगतीची वही, तात्यांकडं. तात्यांना धड दिसत नव्हतं, कागद नाकाला लावून एकेक अक्षर लावत ते वाचायचे. मी चार हातांवर बसलेला. ती माझ्या टेबलावरून पुढं जायची आणि तात्यांच्या उजेडात कागद धरायची. मला कुणी आयुष्यात यापेक्षा मोठी शिक्षा दिली नाही, आणि मला नाही वाटत, ती शिक्षा द्यायची म्हणून तसं करत होती. तिला दोन माणसं लागत. दुसरं माणूस म्हणून माझा उपयोग उरला नव्हता, इतकंच.

पोरगी मॅट्रिक झाली. पहिल्या खेपेला, माझ्यासारखी नव्हे. पेढे आले, तिनं सगळ्यांना दिले, मलाही दिले. पेढा तोंडात घोळला आणि मला रडू आलं. "मास्तरांना गोड लागलं जनू," आक्का म्हणाली.

त्यानंतर सहासात महिन्यांनी एका सकाळी ती मालकांच्या खोलीत गेली. आतून मालकांचा आवाज यायला लागला. आधी आश्चर्याचा, मग विनवणीचा. "आक्का, पंचवीस करतो. तीस घे. अशी एकाएकी सोडून जाऊ नको." तिचं बोलणं ऐकू आलं नाही. बाहेर आली, चटईवर बसली आणि पुढ्यातला ढीग घेतला. दिवसभर तिनं काम केलं. रोजच्याएवढंच. कुणी विचारलं तर, "लेकीसंगं चाललो" एवढंच सांगायची.

सहा वाजले. मशीन थांबलं. तिनं चटई गुंडाळली, फळी भिंतीला लावली, हात धुतले. मग कमरेच्या पिशवीतून एक लखोटा काढला. तात्या आपल्या जागेवरच होते, चष्मा पुसत. मी मान खाली घातली.

लखोटा माझ्या टेबलावर आला.

"मास्तर, वाचा की."

मी वर बघितलं. ती उभी होती. "पोरीनं वाचलाय," ती म्हणाली. "आता तुमी वाचा."

स्कूल बोर्डाचं पत्र होतं. पोरीची प्राथमिक शिक्षिका म्हणून नेमणूक झाली होती. गाव भुदरगड तालुक्यातलं, माझ्या गारगोटीपासून दोन कोसांवरचं. मी वाचायला लागलो. हजारो पानं मी वाचली होती, पण इतक्या भीतीनं एक ओळही वाचली नव्हती. जावक क्रमांक वाचला. पोरीचं पूर्ण नाव वाचलं, बापाच्या नावासकट. शाळेचं नाव, हजर व्हायची तारीख, पगाराचा आकडा, जो आक्कानं त्या छापखान्यात कधीच पाहिला नव्हता. नेमणूक तात्पुरती आहे, कोणतंही कारण न देता रद्द होऊ शकते, हेही वाचलं. ते वाचताना जीभ अडखळली, गाळावं असं वाटलं, पण गाळलं नाही. सहीखालचा हुद्दा वाचला. तळाशी छापखान्याचं बारीक नाव होतं, तेसुद्धा वाचलं.

सगळा वेळ ती कागदाकडं बघत नव्हती. माझ्या तोंडाकडं बघत होती.

वाचून संपलं. मी पत्र घडी घालून लखोट्यात ठेवलं आणि तिच्यापुढं धरलं. तिनं ते घेतलं, पिशवीत घातलं, पिशवीची नाडी ओढली.

"बरोबर हाय," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून कळंब्याच्या वाटेला लागली.